दहाव्या वर्षाचा फोन

तुळशीच्या लग्नाच्या पुढंमागं
हॉस्पिटलातून फोन येतो.
"भरमाण्णा मुचंडीकर? आराम अदीरी?"
आराम री, म्हणतो मी
आणि लेथ बंद करतो.
उद्यमबागेत आपला लेथ थांबला
की शेजारचे दोन कारखाने ऐकू यायला लागतात.

मग तिची यादी.
छातीत दुखतं काय. जिना चढताना दम लागतो काय.
गोळी चुकली काय. पुन्हा दाखल झालासा काय.
पहिल्या वर्षी ती कन्नडात विचारायची, मी मराठीत सांगायचो.
तिसऱ्या वर्षी उलटं झालं, कुणी ठरवलं नव्हतं.
रेणुका हंपण्णावर.
चेहरा पाहिलेला नाही.

माझ्या काळजाच्या नळीत अठ्ठावीस मिलिमीटरची जाळी आहे,
व्यास तीन, तारेची जाडी ऐंशी मायक्रॉन.
मी हायड्रॉलिकचे सिलिंडर आतून घासून
दहा मायक्रॉनात बसवणारा माणूस.
कार्डावरचे आकडे वाचले, तेव्हा कुठं कळलं
त्या कारागिराचा हात कसा असेल.

तारेवर औषध माखलेलं असतं.
जखम भरताना मांस माजू नये, वाट पुन्हा बुजू नये,
म्हणून ते थोडं थोडं झिरपतं.
तीनेक महिन्यांत संपतं.
पुढचं सगळं धातूच्या अंगावर.
मग दहा वर्षांनी काय ओ, मी विचारलं होतं.
डॉक्टर हसले.
तेच तर तुम्ही आम्हाला सांगायचं, म्हणाले.

शेजारच्या खाटेवर इराप्पा तिगडी, बैलहोंगलचा.
एकच दिवस, एकच कंपनी, माझ्यापेक्षा जाळी चार मिलिमीटर आखूड
म्हणून तो मला चिडवायचा.
चौथ्या महिन्यात दात काढायचा म्हणून
त्यानं दोन्ही गोळ्या थांबवल्या.
कुणी सांगितलं, आजवर कळलेलं नाही.
सहाव्या दिवशी जाळीत रक्त गोठलं.
हे मला रेणुकानं सांगितलं,
सांगायचं नसतं म्हणाली, आणि सांगितलं.
तेव्हापासून माझं गोळ्यांचं पाकीट
मायक्रोमीटरच्या डब्यात असतं.

सातव्या वर्षी पुन्हा कळ आली.
पडद्यावर पाहिलं मी: जाळी उघडी, रक्त सरळ जातंय,
तिच्या पलीकडं, दुसऱ्याच नळीत, नवा गाळ.
जाळीनं तिचं काम केलं होतं.
निपाणीची तंबाखू माझी होती.

किती जण आहोत आपण, मी एकदा विचारलं.
चारशे बारा होते. आता तीनशे एकोणसत्तर.
सगळे काळजानं गेले नाहीत ओ, ती घाईनं म्हणाली,
एक विहिरीत पडला, एकाला कावीळ,
दोघी म्हाताऱ्या होऊन गेल्या,
आणि काही जणांनी नुसता नंबर बदललाय.
ते कुठल्या रकान्यात?
त्यांचा वेगळा रकाना आहे, म्हणाली.
मला तो रकाना आवडला.

परवा फोन आला.
छाती, जिना, गोळी, सगळं झालं.
मग म्हणाली, हा शेवटचा बघा.
दहा वर्षं झाली. फाईल बंद.
म्हणजे पास की नापास?
"जिवंत" वर खूण केलीय, म्हणाली.
आणि पुढच्या वर्षी?
तिकडं कुठंतरी दुसरा फोन वाजत राहिला,
तिनं उचलला नाही.

दहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं मला.
म्हटलं, रेणुकाताई, तुम्ही आराम अदीरी?

ती बोलायला लागली.
आईचे गुडघे, हुक्केरीला झालेली बदली, रद्द झालेली बदली,
कधी मराठीत, कधी कन्नडात,
शेवटी तर मला कळेना कशात.
चकमध्ये अडकलेला जॉब तोवर थंड होत गेला.

नंतर मोजला.
दोन मायक्रॉन कमी भरला.
चालतंय.