वीस मिनिटं, इंजिन बंद

बोगोटात गाडी विकायची तर आधी उंची समजावून सांगावी लागते.
आम्ही डोंगराच्या खांद्यावर राहणारी माणसं,
इथं इंजिनालाही धाप लागते.
कंपनीचे कागदी घोडे इथवर चढेपर्यंत
चारदोन वाटेतच बसतात.
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.
नुबिया अर्सिलाला सांगितलं
तर म्हणाली, "माहीत आहे. किंमत बोला."

तिला कामावर जायला हवी होती.
रोज. सोआचाहून पार उत्तरेच्या इस्पितळात,
एक्स-रे विभाग, रात्रपाळी.
मी तिला थेट सव्वाशेच्या गाडीपाशी नेलं:
रुंद सीट, मागं पेटी, पेट्रोलचा नुसता वास पुरतो.
तिनं सीटवरून हात फिरवला,
शेजाऱ्यांच्या मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा,
आणि कोपऱ्याकडे गेली.

कोपऱ्यात ती. चारशेची, राखाडी,
डाव्या कुशीवर कधीतरी पडल्याची खूण.
हँडल इतकं खाली
की चालवणाऱ्याचं काहीतरी हरवलंय असं वाटावं.
सात महिने पोरं येत होती,
फोटो काढून जात होती.

मी खरं बोललो.
या वयात खोटं बोलायला दम पुरत नाही.
म्हटलं, सेन्योरा, ही शर्यतीची जात.
सिग्नलला मांडी भाजेल.
डबा ठेवायला जागा नाही.
पाऊस आला की पाठीवर मागच्या चाकाचा चिखल,
आणि पाऊस इथं विचारून येत नाही.
माझी मनगटं बघा. आठ वर्षं अशीच एक चालवली,
आता बरणीचं झाकण बायको उघडते.

तिनं माझं मनगट हातात घेतलं,
अंगठ्यानं दोन ठिकाणी दाबलं.
"इथं मोडलं होतं," म्हणाली. "नीट बसवलं नाही कुणी."
हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मग म्हणाली, "वीस मिनिटं बसू द्या. इंजिन बंद."

लोक एक चक्कर मागतात. हिनं खोळंबा मागितला.
हेल्मेट घातलं, पिशवी पाठीला लावली,
बसली दुकानाच्या मधोमध.
मी दोन हिशेब केले, एक फोन घेतला,
एडिलबेर्तोनं तिला वळसा घालून फरशी झाडली.
ती तिथंच, वाकलेली.
मधूनच डावा हात क्लचवर: दाब, सोड,
दाब, सोड. समोरची बस,
जी फक्त तिलाच दिसत होती, वीतभर सरकली असावी.
अकराव्या मिनिटाला खांदे उतरले.
सोळाव्याला तिनं बोटं झटकली.
मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.

"दुखतं," उतरून म्हणाली.
"संध्याकाळी जाताना दुखेलच.
पण पहाटे पाचला माझी पाळी सुटते.
सगळं शहर तेव्हा उत्तरेला निघालेलं
आणि मी एकटी दक्षिणेला.
दुसऱ्या उड्डाणपुलापासून
बिस्किटांच्या कारखान्याचा वास येईपर्यंत
रस्ता मोकळा असतो. चार मिनिटं.
रात्रभर मी मोडलेली माणसं उजेडावर धरून बघते,
त्यातली निम्मी तुमच्याकडचीच असतील.
वेगानं काय होतं ते मला नका सांगू.
मी हळूच जाईन.
पण ती चार मिनिटं मला
खुर्चीत बसल्यासारखी घालवायची नाहीत."

हौसेला मोल नसतं म्हणतात.
हिनं हौसेतही सूट मागितली,
आणि घेतली,
कुशीवरच्या त्या खुणेवर बोट ठेवून.

परवा दिसली. संध्याकाळचा सिग्नल,
सव्वाशेच्या कळपात एक राखाडी पाठ,
हेल्मेटवर नंबर, मागच्या सीटवर
जाळीत आवळलेला डबा.
उजवं मनगट हवेत गोल फिरवत होती,
आधी असं, मग उलटं.
मी हॉर्न दिला. बघितलं नाही तिनं.
दिवा हिरवा झाला, सगळे सुटले,
आणि सगळ्यांत शेवटी
ती निघाली.