लाकडी बूट

ग्रोनिंगन. उणे वीसच्या खोलीतही
रेन्स्केला घाम फुटतो. त्रेपन्नावं चालू आहे.
स्वेटर काढते, पुन्हा चढवते,
आणि काचपट्टीवर अलगद टेकवते
एका म्हातारीच्या मेंदूचा पापुद्रा.

नाव नाही, फक्त नोंद : वय एक्क्याऐंशी,
कालव्यावरच्या पुलाची राखणदार.
म्हणजे पूल उचलायचा, होडी सोडायची,
आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
खाली धरायचा, टोलच्या नाण्यासाठी.

रंग चढतो. तपकिरी ठिपके उमटतात,
इस्ट्रोजेनचे रिसेप्टर.
तीस वर्षं एक होडी फिरकली नाही म्हटल्यावर
गेले असतील उठून आपापल्या घरी,
असं धरून चालली होती ती.

मोजते. चष्मा पुसून पुन्हा मोजते.
कमी नाहीतच. या एका म्हातारीत तरी
वाढलेत.
कोरड्या कालव्यावर
बूटच बूट लोंबताहेत.

याला चिवटपणा म्हणायचं की खुळेपणा,
वहीत तसा रकाना नाही.
आकडा लिहून ती बाहेर येते, खिडकी उघडते.
मानेवरून वारा जातो.

आत कुठेतरी, तिला न विचारता,
कुणीतरी आणखी एक दोरी
खाली सोडतं.