व्हाया कोल्हापूर

अण्णांच्या पेटीत दोन रंधे, मोडका कॅलिपर,
आणि तळाला एक पाकीट. न फोडलेलं.
पुढं परदेशी पत्ता, अण्णांच्या ठसठशीत अक्षरात.
मागं आमचा: बाळगोंडा चौगुले, पॅटर्नमेकर, उद्यमनगर.
त्यावर जांभळा शिक्का,
घरात कुणालाच न वाचता येणारा.

सत्त्याहत्तर साली अण्णा पूर्व जर्मनीला गेले,
आठ महिने, ओतकाम शिकायला.
येताना एक स्वेटर आणला, आणि एक मित्र.
म्हणजे मित्राचं नाव. एर्विन.

त्या गावाच्या मधून नदी.
अलीकडं जर्मनी, पलीकडं पोलंड, मधे पूल.
"आपल्या शिवाजी पुलाच्या निम्मा बी न्हाई.
शंभर पावलं. मी मोजली.
कार्ड दावलं की शिपाई जांभई देत जा म्हणायचा."
पलीकडं हालिना, शिलाईच्या कारखान्यात.
एर्विन दर रविवारी जायचा.
एकदा अण्णाही गेले, तिच्या हातचा कोबी खायला.
"आंबट. पण दोनदा वाढून घेतला."

ऐंशीच्या ऑक्टोबरात,
इकडं गुऱ्हाळं पेटायच्या बेताला,
तो पूल बंद झाला.
पलीकडच्या देशात गोदीकामगार संपावर होते
आणि संप देवीच्या साथीसारखा
वाऱ्यावरनं येतो,
असं अलीकडच्या कामगारांच्या सरकारला वाटलं.

बिंदू चौकाजवळ, जिन्यावरच्या खोलीत, अभ्यासवर्ग.
कॉम्रेड घोरपडे म्हणाले, ही तात्पुरती व्यवस्था आहे.
अण्णा मागच्या बाकावरनं उठले:
"शत्रूच्या तोंडावर दार लावलं, ते कळतंय.
पण ही तर बंधुराष्ट्रं."
कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच भाऊबंदकी!"
सगळे हसले. चहा आला.
अण्णा हसले नाहीत.
शिरोळच्या रानात वीतभर बांधापायी
त्यांचे दोन चुलते वीस वर्षं बोलले नव्हते.
"पण पोरं बांध ओलांडून बोरं खात होती की,"
हे ते घरी येऊन बोलले. आईला.

मग पत्रं येऊ लागली.
पाकिटात पाकीट.
बाहेरचं अण्णांना, आतलं हालिनाला.
थेट टाकलेली पोचत नव्हती,
पोचली तर कड पुन्हा डकवलेली असायची.
शंभर पावलांची नदी ओलांडायला
एर्विनचं पत्र कोल्हापूरला यायचं.
शनिवार पेठेच्या पोस्टातला कारकून वजन करून म्हणायचा,
"अण्णा, पाव्हण्यांचं का?"
तिचं उत्तर त्याच वाटेनं परत.
एका रागाला पोचायला सहा आठवडे,
माफीला आणखी सहा.

अण्णांना भाषा येत नव्हती. उघडून बघितलं नाही कधी.
फक्त एक चिठ्ठी सोबत ठेवायचे, मोडक्या इंग्रजीत:
इकडे ठीक आहे. ऊस चांगला आहे.
त्यांचं भांडण जुंपलं असेल तेव्हाही,
ऊस चांगला आहे.

एक्क्याऐंशीच्या डिसेंबरात पलीकडं लष्कर रस्त्यावर आलं.
पुढच्या मार्चात हे पाकीट परत आलं.
अण्णांनी एर्विनला कळवलं. त्याचंही उत्तर नाही.
पोस्टातला कारकून बरेच दिवस विचारत राहिला,
मग त्याची गारगोटीला बदली झाली.

शहाऐंशीत कोगनोळीच्या नाक्यावर एसट्या अडवल्या.
आत्या निपाणीत, बाळंतीण लेक घेऊन.
डिंकाच्या लाडवांचा डबा डोक्यावर घेऊन
अण्णा शेतातनं चालत पलीकडं गेले.
परत आल्यावर एवढंच म्हणाले,
"पावलं मोजायची राहिली."

मला त्यांनी धंदा शिकवला.
पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा.
लोखंड निवताना आकसतंय,
ते आधीच धरून चालायचं.
किती मोठा?
"ते धातूवर हाय," म्हणायचे,
आणि मापाची पट्टी माझ्या हातात न देता
स्वतःच बघत बसायचे.

पाकीट मी उजेडाकडं धरलं.
आत दोन कागद दिसतात.
एक लांब, दाट लिहिलेला.
दुसरा लहान, एका ओळीचा,
तो मात्र मला न उघडता वाचता येतो.