पीळ

गोंदरच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दुसऱ्या वर्षाला,
आम्ही सगळ्यात आधी शिकलो ते पुसायला.
काच कडेला धरायची, मधे बोट लावायचं नाही.
"ठसा उमटला तर तो जंतू नव्हे, तो तुम्ही,"
अतो वुबशेत म्हणायचे, आणि काच परत द्यायचे.

मग रंग. जांभळा, आयोडीन, स्पिरिट, शेवटी गुलाबी.
ज्याची भिंत जाड, तो जांभळा धरून बसतो;
ज्याची पातळ, तो पहिल्याच धुण्यात सोडतो.
"आपल्या वसतिगृहाच्या चादरीसारखा," फिकिर्ते कुजबुजली.
गोल ते कॉकस, लांब ते बॅसिलस;
तिने वहीत मणी काढले, काड्यापेटीतल्या काड्या काढल्या.
परीक्षेपुरतं तेवढं पुष्कळ होतं.

तिकिम्त महिना, डोंगरावरून उतरणारी थंडी,
आणि बसअड्ड्यावरचा हमाल गशाव,
वय विचारलं तर एकदा एकोणीस, एकदा बावीस.
ताप आठ दिवसांपूर्वी आपणहून गेला होता,
आणि काल, विसरलेली छत्री न्यायला यावं
तसा परत आला.

वीज नव्हती.
वुबशेतनी आरसा खिडकीकडे फिरवला,
नळीत ऊन ओतलं, तेलाचा एक थेंब, आणि म्हणाले, बघ.

तांबड्या पेशींची दाटी,
आणि त्यांच्या मधून
पेन चालतं का बघायला कुणी ओढावी
तशी एक नागमोडी रेघ.
मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं.

बोरेलिया.
हा उवेच्या आत बसून येतो.
डोक्यातली नव्हे, कपड्याच्या शिवणीत राहणारी ऊ.
ती चावते, पण चावून देत नाही;
तुम्ही खाजवता, ती चिरडते,
आणि ओरखड्यातून तो आत.
खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच, अक्षरशः.
शरीर त्याचा अंगरखा ओळखतं, धरतं, संपवतं.
ताप उतरतो. घरचे हुश्श करतात.
पण दोनचार जणांनी तोवर
अंगरखा बदललेला असतो.

गशावकडे एकच गाबी होती, जाड सुताची,
धुराचा वास असलेली.
त्याच्या जंतूकडे कपड्यांना तोटा नव्हता.

पेनिसिलिनची सुई दिली, आणि दोन तासांनी
तो असा हुडहुडला
की खाटेवरच्या पेल्यातला चमचा वाजू लागला.
मला वाटलं, आम्ही मारलं याला.
सिस्टर ब्रुकताविट शांतपणे नाडी धरून बसलेली.
"ते मरतायत," ती म्हणाली. "एकदम मरतात.
जाताना घर हलवून जातात."
सलाईनचा थेंब, घड्याळ, थेंब.
पुस्तकात या तासाला एक जर्मन नाव आहे, लांबलचक,
मी ते तेव्हा आठवत होते,
दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून.

संध्याकाळी पुन्हा रक्त, पुन्हा काच, पुन्हा ते ऊन, आता तिरकं.
पेशी होत्या. रेघ नव्हती. एकही.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे पीळ गेला होता,
आणि सुंभ अजून दातांवर दात आपटत होता.

अंगणात चुलीवर मोठ्या पातेल्यात
त्याची गाबी उकळत होती.
फिकिर्ते काठीने ढवळत होती, नाक दाबून.
घाम आला, डोळे उघडले,
आणि गशावने पहिला प्रश्न विचारला तो तब्येतीचा नव्हता.
"रात्रीपर्यंत वाळेल का ती?"
का रे?
"चौघं निजतो आम्ही तिच्यात. ते तिघं वाट बघतील."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.
मी वुबशेतकडे.
ते काही बोलले नाहीत.
त्यांनी खोक्यातून तीन काचा काढल्या,
आणि कडेला धरून
एकेक पुसायला घेतली.