अकरा सेकंद

तिबिलिसीत, जिथे पूर्वी बुटांचा कारखाना होता
त्या इमारतीत मी माइक लावायचं काम करते.
पाहुण्यांच्या कॉलरखालून वायर सरकवणारी बाई,
जिचं नाव कुणी विचारत नाही.
कुणाचं काळीज किती धडधडतंय
हे मला त्यांच्या बायकांआधी कळतं.

दर गुरुवारी चर्चा.
नुग्झार डावीकडे, वाख्तांग उजवीकडे,
मध्ये एल्गुजा, हातात कागदांचा गठ्ठा.
(कोरे असतात. मी पाहिलेत.)
सव्वानऊला दोघे एकमेकांचा गळा धरतात.
सव्वादहाला मी माइक सोडवते
आणि नुग्झार विचारतो, पोरीचा ताप उतरला का रे?
उतरला, वाख्तांग म्हणतो. चल, सोडतो तुला, रस्ते गोठलेत.

तो तासभर माझी सुई तांबड्यातच.
दोघं एकदम बोलले की यंत्राला शब्द कळत नाहीत,
नुसता जोर कळतो.
यंत्राचं ठीक आहे.

त्या गुरुवारी तिसरी खुर्ची मांडली.
गोचा मामालाद्झे, नकलाकार.
रविवारी रात्री मिशी लावून मंत्री होणारा.
तोंडी लावायला बोलावलेला, लोणच्यासारखा.
त्याचं वरचं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं,
आणि आत काळीज नव्हे, ससा.
घाबरलात? तुम्ही?
म्हणाला, आज हसवायचं नाहीये ना.

वीस मिनिटं गप्प बसला.
एल्गुजा म्हणाला, गोचा, होऊन जाऊ दे काहीतरी!

"मघाशी जिन्यात या दोघांना पाहिलं.
एका काडीवर दोन सिगारेटी पेटवत होते.
बरी माणसं वाटली. ती कुठं गेली?"

कुणीतरी हसलं. बहुतेक कॅमेरा दोनवरचा पोरगा.

"माझी आई खाशुरीत एकटी असते. तुम्हाला बघत जेवते.
गेल्या महिन्यात तिनं शेजारणीशी बोलणं टाकलं.
चाळीस वर्षं दोघी एकाच भट्टीवर पावाला जायच्या.
विचारलं, कशावरून गं?
म्हणाली, ते नाही आठवत. पण आपली बाजू बरोबर होती."

अरे बाबा, तू विनोद करायला आलायस!

"मी मिशी लावतो ती लोकांना सांगून लावतो, एल्गुजा."

मग तो पुढे झुकला, माझा माइक शर्टाला घासला.
"आपल्या मेजवानीत तामादा असतो.
तो सांगेल त्यानं बोलायचं,
बाकीच्यांनी प्याला हातात धरून थांबायचं.
प्यालेली माणसं. पण थांबतात.
नुग्झार, वाख्तांग आत्ता काय म्हणाला ते सांग.
तो मान डोलवेपर्यंत सांग. मग त्यानं तुझं.
जमलं, तर मी या टेबलावर नाचतो."

नुग्झारनं तोंड उघडलं.

सुई खाली आली. तांबडं, पिवळं, हिरवं,
आणि मग तिथं, जिथं ती
फक्त रात्री यंत्र बंद करताना जाते.
मला वाटलं, वायर तुटली.
हेडफोन कानांवर दाबले:
दिव्यांची गुणगुण,
कोऱ्या कागदांची सळसळ,
दोन पक्षांची दोन काळजं.
(ठेका एक होता असं म्हणायला छान वाटलं असतं.
नव्हता. वाख्तांगचं एक ठोका चुकवत होतं.)

अकरा सेकंद.
मग गुडघेदुखीचं मलम.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही.
प्रेक्षक दुप्पट झाले, म्हणून
पुढच्या गुरुवारी चौथी खुर्ची आली,
गोचावर ओरडायला दुसरा नकलाकार.
गोचा आला नाही.
भाजीबाजारात भेटला, तेव्हा आईचं विचारलं.
बोलत नाही अजून, म्हणाला,
पण त्या बाजूची खिडकी उघडी ठेवते. या थंडीत.

सोमवारी वरून कागद आला होता:
प्रसारणात अकरा सेकंद आवाज नव्हता.
बिघाडाचं कारण लिहा. जबाबदार कोण, तेही लिहा.

मी पेनाचं टोपण बराच वेळ चावलं.
मग लिहिलं: चारही माइक चालू होते.
खाली सही केली,
पूर्ण नाव घालून.