दातांचा गोल

चार दिवसांनी नळ आला, तोही दुपारी दोनला.
रात्रपाळीहून आलेलो मी, कानांत अजून
मागांचा खडखडाट,
आणि गल्लीभर घागरी, पिंपं, पाइपांची ओढाओढ,
आधी कोण, यावरून आवाज चढलेले.

त्यात ही चिन्नी, वीस महिन्यांची,
माझ्या लुंगीचं टोक ओढत काहीतरी म्हणत होती.
मी ऐकलं नाही.
दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली,
मग वळली आणि शेजारच्या मुबीनच्या दंडाला
कडकडून चावली.

मुबीन तीन वर्षांचा. आधी त्याला पटलंच नाही.
मग जो सूर लावला त्यानं,
भांडणारे सगळे गप्प.

"तूपण चाव की तिला एकदा,"
अंबक्का ओट्यावरून म्हणाली, "म्हंजे कळतंय."
तिची चार पोरं अशीच वळणावर आली म्हणे.
कुणी म्हणालं, जिभेला तिखट लाव.
कुणी म्हणालं, "ढील दिऊ नको बे, पोरगी हाय."

माझा हात उठला होता. खोटं कशाला सांगू.
हा हात कुणाकडून शिकला तेही माहीत आहे.
आमच्या अण्णांकडे धोटा असायचा, लाकडी,
दोन्ही टोकांना लोखंड. फेकून मारायचे.
नेम चांगला होता.
अजून कुणी पाठीमागून जोरात हाक मारली
की माझी मान आपोआप आत जाते.

हात खाली आणला.
वेळ लागला.

आधी मुबीनकडे गेलो. दंडावर
बारीक दातांचा लाल गोल, मधे थुंकी.
टॉवेलचं टोक भिजवून धरलं.
"दुखतंय ना? हो रे. लई दुखतंय."
शमीमभाभी बघत होती. तिच्याकडे बघून
माफी मागितली.

मग पाइप वाहताच सोडून
खाली बसलो, चिखलातच, चिन्नीएवढा होऊन.
तिचे दोन्ही हात हातांत घेतले, सैल.
"चावू देणार नाही मी. मुबीनला दुखतं."
पुढचं वाक्य शोधलं.
सापडलं नाही, तेच बरं झालं.

तेव्हा कुठे ती रडली.
रडता रडता पुन्हा तेच: "नी... नी..."

नीळ्ळु.
सगळी गल्ली पाणी पाणी करत होती,
आणि ही आमच्या घरातलं पाणी मागत होती.
एवढ्या धारांमधे उभं राहून
तहान लागली होती पोरीला.

घरात तेलुगू, नळावर मराठी, मुबीनशी खेळताना हिंदी,
आणि तोंडात अजून
एकही भाषा पुरती फुटलेली नाही.
दात मात्र चौदा.
हाताशी होतं ते वापरलं तिनं.

फुलपात्र भरून दिलं. दोन्ही हातांनी धरून
गटागटा प्यायली, निम्मं फ्रॉकवर.
"तहान लागली की ओढायचं मला, असं,"
म्हणून लुंगीचं टोक दाखवायला गेलो,
आणि तसाच थांबलो.
ओढलं होतं की तिनं.

पिंप अर्धंच भरलं त्या दिवशी.
नागमणी संध्याकाळी युनिफॉर्मच्या कारखान्यातून आली,
दिवसभर काजं करून बोटं ताठलेली,
पिंपात वाकून बघितलं,
मग चिन्नीकडे, मग माझ्याकडे.
काही बोलली नाही. तेवढ्यावर सुटलो.

जुन्या चादरीची एक पट्टी फाडून ठेवलीय आता,
धुऊन धुऊन मऊ झालेली. चावायचं तर ही चाव.
कधी घेते. कधी पट्टी फेकून
माझाच खांदा धरते. गुरुवारी धरला.
मुबीन आता हातभर लांब बसून खेळतो,
बिस्किट मात्र तिलाच देतो आधी.

काल पाळीला निघताना कडेवर होती.
मी चप्पल शोधत होतो, घाईत,
तिचं तोंड माझ्या दंडावर आलं.
दात टेकले.
मी हललो नाही. हात ओढला नाही.
"काय पाहिजे, चिन्नी?"
तिनं वर बघितलं, तोंड तसंच उघडं,
आणि सोडलं.

दंडावर नुसता ओला गोल राहिला.
पुसला नाही.
सायकलवर अक्कलकोट रोडला वळेपर्यंत
तेवढ्याच जागेला गार वारं लागत होतं.