प्लॅस्टिकची केळ

सावद्याला, जिथं टपरीवर
पाण्याच्या ग्लासाआधी केळीचा भाव येतो,
तिथं बारा हजार खोडांचे मालक वामनभाऊ तळेले
मला म्हणाले :
हारून, गेटवर त्या तुझ्या प्लॅस्टिकच्याच केळी लाव.

मी म्हटलं, भाऊ, बाग तर मांडवाला लागून आहे.
म्हणाले, खरी दहा वाजता मान टाकते,
व्याह्यांपुढं मलूल पानं कशी दिसतील?
आणि निसवलेली कापायला जीव होत नाही,
न निसवलेली कापायला त्याहून नाही.

खरं होतं. मी हिशेबाचा माणूस.
आजा कापूस पिंजायचा, बाप गाद्या भाड्यानं द्यायचा,
मी कमानी देतो.
मोगरा कापडाचा, साबणानं धुता येतो.
थर्माकोलची अक्षरं पोत्यात.
ह्या गावात तळेले इतके
की ळ दर हंगामात झिजतो;
यंदा त्याचा एक डोळा उंदरांनी नेला,
मी सोनेरी कागद लावून त्याला पुन्हा बघायला लावलं.

रात्री हळदीनंतर नवरीची आत्या आली, इंदूबाई,
पदराखाली उंबराची डहाळी.
"बांध कुठं बी. दिसली नाही तरी चालेल."
डिझाइनमध्ये जागा नव्हती.
एलईडीच्या पट्टीमागं, जनरेटरच्या वायरीशेजारी
केबल-टायनं आवळली.
तिनं ओढून पाहिली, दोनदा,
पाळण्याचा दोर पाहावा तशी.

अक्षता पडल्या, पंगत वरण-बट्टीवर आली
आणि वारा सुटला.
तो इथं प्रत्येकाला आवाजावरून कळतो.
मांडवाकडं कुणी पाहिलं नाही.
निम्मी पंगत खरकट्या हातांनी बांधाकडं पळाली,
नवरदेवाचा काकासुद्धा.
कमान गेली. पडदे बोरीवर.
ळ तर गावच सोडून गेला.
नवरी शालू खोचून
उलट्या झालेल्या खुर्च्या सरळ करत होती.

उंबर राहिला.
त्याच्याभोवतीचं लोखंड वाकलं, तो राहिला.
मी केबल-टायचं नाव घेतो,
इंदूबाई घेत नाहीत.

सकाळी माझ्या दोन केळी शोधत बागेत शिरलो.
अडीचशे खोडं आडवी,
उभी होती त्यांच्या पानांच्या झिरमिळ्या.
एक लगेच सापडली :
एवढ्या बागेत तेवढीच
जिचं एकही पान फाटलं नव्हतं.
दुसरी मिळाली नाही.

वामनभाऊ बांधावर उभे होते,
रात्रीचाच फेटा काखेत.
माझ्या खांद्यावरच्या केळीकडं बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, बिल आण.
उंबराचे लावलेस का?
नाही म्हटलं.
लाव, म्हणाले.

घरी नळाखाली धुतली, चिखल निघाला.
गुरुवारी यावलला लग्न आहे.
उन्हात वाळत ठेवली
आणि कात्री घेऊन
दोन पानांना कडेपासून मधल्या शिरेपर्यंत
चिरा दिल्या. चार-पाच. सारख्या नाही.

बायको दारातून म्हणाली,
चांगली वस्तू फाडता कशाला?